कोरा रकाना

श्रावणजी सोमकुवरांनी लिहिलेला कागद हाती आला की माणूस आधी नुसतं अक्षरच बघत बसायचा, मजकुराकडे नंतर वळायचा. चोरीच्या रिपोर्टात अक्षर बघण्यासारखं काय असतं, असं कोणी म्हणेल. मीही म्हणालो असतो. पण त्यांच्या कागदाची नक्कल न्यायला आलेले वकील खिशातला चष्मासुद्धा बाहेर काढायचे नाहीत. पोलीस ठाणं मध्य प्रदेशातलं, कारभार हिंदीत, म्हणून ते हिंदीत लिहायचे. पण शिरोरेघ मराठी शाळेत गिरवलेली, शब्द संपला तरी थोडी पुढे जाऊन मग थांबायची. त्यांना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. अजूनही एखादा सुवाच्य कागद समोर आला की मला ते आठवतात आणि मन खट्टू होतं. मी आयुष्यात ठरवून कोणाचं वाईट केलेलं नाही. न ठरवता जे केलं ते त्यांचं केलं, आणि तेही त्यांच्याच अक्षराच्या आधारानं.

ते ठाण्यात हेड मोहर्रिर होते. कोण आलं, कोण गेलं, कोणी काय रिपोर्ट दिली, कोणाला पकडलं, कोणाला सोडलं, हे सगळं वह्यांत चढवणारा माणूस. लोक त्याला मुन्शी म्हणतात. ठाणं सौसर आणि पांढुर्ण्याच्या मधल्या पट्ट्यात, एका बाजाराच्या गावी. त्या गावाचं नाव मी मुद्दामच लिहीत नाही. तिथली माणसं अजून आहेत, आणि माझं गाव तिथून सायकलीच्या टप्प्यात आहे.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. मी सौसरला कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत होतो आणि एम.फिल.साठी विषय शोधत होतो. माझ्या मार्गदर्शकांनी विषय दिला : निरनिराळ्या समाजांतल्या गुन्ह्यांची तुलना, पोलिसांच्या अधिकृत आकड्यांवरून. ‘अधिकृत’ या शब्दावर त्यांचा फार जीव. मलाही विषय आवडला. आकडे खोटं बोलत नाहीत अशी माझी तेव्हा ठाम समजूत होती, आणि त्या वयात समजुती ठामच असतात. जिल्ह्याहून परवानगीचं पत्र आणून मी त्या ठाण्यात जाऊन उभा राहिलो.

पत्र वाचून मुन्शीजींनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. सावळा, उंच, गळ्याचं हाड वर आलेला माणूस. वर्दीला इस्त्री अशी की बाहीवर धार दिसावी. डाव्या भुवईवर एक जुना व्रण.

“किती वर्साचे रजिस्टर पायजे सर?”

“दहा.”

“दहा?” ते हसले. “मंग पयले चहा घ्या. तुमी काही आज घरी जात नाही.”

त्यांनी मला खिडकीजवळ टेबल लावून दिलं आणि लाल फडक्यातले बस्ते एकेक करून आणून ठेवले. सोबत नियम सांगितले. थुंकी लावून पान उलटायचं नाही. चहाचा कप टेबलावर ठेवायचा नाही, खिडकीत ठेवायचा. आणि पेन्सिलीचा ठिपकासुद्धा रजिस्टरावर पडता कामा नये.

“माह्या रजिस्टरात खोडाखोड नाही सर. एकडाव कागदावर पडलं का ते माहं नाही राहत, सरकारचं होते. म्हणून मी पयले इचार करतो, मंग टाक टेकवतो.”

खरंच होतं ते. दहा वर्षांच्या पानांत मला एकही खोडलेला शब्द सापडला नाही. चुकलेले सापडले, पण खोडलेला नाही.

मी जवळजवळ सात महिने शनिवारी-रविवारी तिथे बसलो. त्यातला बराचसा वेळ, खरं सांगायचं तर, मी रजिस्टर कमी आणि मुन्शीजींना जास्त पाहिलं.

रिपोर्ट द्यायला आलेला माणूस वऱ्हाडीत बोलायचा, ते सरकारी हिंदीत लिहायचे, आणि लिहून झालं की सगळं पुन्हा वऱ्हाडीत त्याला वाचून दाखवायचे. तसं करायची गरज नव्हती. बाकीचे मुन्शी सरळ “यहाँ अंगूठा लगाओ” म्हणत. हे मात्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचे आणि विचारायचे, “बरोबर हाये ना? आता सही करा.” ‘बरोबर हाये ना’ ऐकल्याशिवाय त्यांच्या टेबलावर कोणी सही केली नाही.

एकदा रामाकोन्याकडची एक म्हातारी आली. बाजारातून बकरी गेली म्हणत होती. शिपायांनी तिला दारातच अडवलं होतं, बकरीची कसली रिपोर्ट म्हणून. मुन्शीजींनी तिला आत बोलावून बाकावर बसवलं.

“रंग कोणता बाई?”

“कथ्था हाये जी.”

“कान?”

“डावा फाटला हाये.”

“नाव काय तिचं?”

म्हातारी एवढी खूश झाली की रडायचंच विसरली. “शेवंता!” म्हणाली. आणि मुन्शीजींनी खरोखर लिहिलं : ‘बकरी, नाम शेवंता, रंग कत्थई, बायाँ कान कटा हुआ, स्वभाव शांत’. अख्खं ठाणं हसत होतं. मुन्शीजींनी मान वर केली. “हसून काहून राहिले? हरवलं तिचं हाये, तुमचं नाही.” दोन दिवसांनी एका शिपायाला त्यांनी बोरगावच्या बाजारात पाठवलं. तो बिचारा लाजत लाजत बकऱ्यांच्या रांगेतून “शेवंता, शेवंता” करत फिरला. एका बकरीनं मान वर केली. डावा कान फाटलेला. त्या शिपायाला पुढे वर्षभर सगळे शेवंता म्हणत.

मी काड्यांनी मोजत होतो. चार उभ्या, पाचवी आडवी. प्रत्येक समाजाचा एक रकाना, गुन्हा सापडला की त्या रकान्यात एक काडी. मुन्शीजींना त्या काड्यांची गंमत वाटे. जाता-येता डोकावून म्हणायचे, “बांधा सर, बांधा. मोळी झाली का सांगा, बाजारात नेऊ.”

पोळ्याच्या आसपास मी त्यांना विचारलं, “मुन्शीजी, गोटमारीतले गुन्हे कुठे सापडतील हो?” पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या अलीकडून पांढुर्णा आणि पलीकडून सावरगाव एकमेकांवर गोटे मारतात, मध्ये पात्रात पळसाचं झाड रोवलेलं असतं आणि त्याला निशाण. दरवर्षी मुन्शीजींचीही बंदोबस्ताला ड्युटी लागायची.

ते पोटभर हसले. “फुटलेल्या डोक्याचा मालकच म्हणते, मले कोणी मारलं नाही, देवीचा परसाद हाये. मंग लिहू कोणाच्या नावानं?” भुवईवरच्या व्रणावर त्यांनी बोट ठेवलं. “हाबी परसादच. सावरगावच्या बाजूनं आल्ता.”

मी लहानाचा मोठा होताना मामाकडे सावरगावला असायचो आणि दोन वर्षं मीही गोटे फेकले होते. तसं मी सांगून टाकलं.

“मंग तुमचाच असंन सर हा,” ते म्हणाले. “टाका एक काडी स्वताच्या नावानं.” मी हसलो. काडी टाकली नाही. रजिस्टरात नोंदच नाही तर काडी कसली टाकणार!

हळूहळू मला त्यांचं घर माहीत झालं. बौद्ध वस्तीत शेवटचं, दोन खोल्यांचं, पत्र्याचं. बायको कौशल्याबाई शेतावर कापूस वेचायला जायच्या. हेड मोहर्रिरची बायको म्हणून घरी बसलेल्या मी कधी पाहिल्या नाहीत. त्या घरात दाराच्या मागे जुन्या चादरीत गुंडाळून एक पाटी उभी करून ठेवलेली असे. मुन्शीजींनी स्वतः रंगवलेली. ‘वाचनालय’. एवढी पाचच अक्षरं, पण शिरोरेघ अशी की पट्टीनं ओढलेली वाटावी. पंचायतीनं वस्तीच्या तोंडाशी, सडकेला लागून, एक मोकळी जागा वाचनालयासाठी देऊ केली होती. ठराव व्हायचा होता. मुन्शीजींनी एका लोखंडी पेटीत पुस्तकं जमवून ठेवली होती, प्रत्येकाला कागदी कव्हर आणि कव्हरावर नाव.

“रिटायर झालो का तिथंच बसन,” ते म्हणायचे. “पूरी जिंदगी लोकाईचे गुन्हे लिवले. आता कोनं कोणतं पुस्तक नेलं तेवढंच लिवन.”

हे ते गमतीत बोलत नसत. त्या पाटीकडे बघताना त्यांचा आवाज बदलायचा. कौशल्याबाई म्हणायच्या, “पोरीच्या लग्नाची एवढी फिकर नोती केली ह्यायनं.”

जातीच्या रकान्याची गोष्ट मी आता सांगतो, कारण सगळं तिथेच आहे. रिपोर्टाच्या कागदावर नाव, बापाचं नाव, वय, धंदा, राहणार, आणि मध्ये एक रकाना : जात. सोमकुवर नोकरीत लागून थोडीच वर्षं झाली होती तेव्हा ते सौसरहून छोट्या गाडीनं नागपूरला दीक्षेला गेले. परत आल्यावर पहिलं काम त्यांनी काय केलं असेल, तर साहेबापुढे उभे राहून स्वतःच्या नोकरीच्या पुस्तकात ‘महार’च्या जागी ‘बौद्ध’ लिहून घेतलं. साहेब भला होता, त्यानं समजावलं की बाबा, असं लिहिलंस तर सवलत जाईल, बढती अडेल. गेली आणि अडली. त्यांच्या मागून आलेले पुढे गेले, हे हेड मोहर्रिरच राहिले.

“वाईट नाही वाटत?” मी एकदा विचारलं.

“कायचं वाईट? तो एक शब्द मी स्वता निवडला सर. बाकी सगळं मले दुसऱ्यायनं देल्लं.”

म्हणून वस्तीतलं कोणी ठाण्यात आलं, फिर्यादी म्हणून येवो की आरोपी म्हणून, मुन्शीजी टाक रोखून विचारायचे, “बौद्ध लिहू ना?” आणि समोरचा माणूस, हातात बेडी असली तरी, जरा ताठ व्हायचा. “लिहा ना जी.” आणि ते तो शब्द इतर शब्दांपेक्षा थोडा मोठा लिहायचे. मी ते पाहिलं होतं. मला ते फार छान वाटलं होतं.

आणखीही एक पाहिलं होतं, पण त्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही. एका सकाळी एक पाटील आले. धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, भावकीत कुऱ्हाडी निघाल्या होत्या, त्यांच्या मुलाला धरून आणलेलं. मुन्शीजी उठून उभे राहिले, स्वतःची खुर्ची दिली, नाव लिहिलं, बापाचं नाव लिहिलं, वय, धंद्यात ‘किसान’. मधल्या रकान्यावरून टाक नुसताच पुढे गेला. एखाद्या उंबऱ्यावरून माणूस सवयीनं पाय उचलून जातो तसा. मला वाटलं, अदब आहे माणसात.

सात महिन्यांनी माझी मोळी बांधून झाली. बौद्धांचा रकाना काड्यांनी गच्च भरला होता. बाकीच्या समाजांच्या रकान्यांत तुरळक काड्या होत्या. आणि पुष्कळ गुन्हे असे होते की जिथे जातीची जागा रिकामीच होती किंवा तिथे ‘हिंदू’ नाहीतर ‘किसान’ एवढंच लिहिलेलं. ते मी ‘माहिती उपलब्ध नाही’ म्हणून बाजूला काढले. संशोधनाच्या पुस्तकात तसंच करायला सांगितलेलं असतं. मग उरलेल्यांची तुलना केली, तक्ता केला, आणि कॉलेजातल्या एका परिसंवादात वाचला. टाळ्या पडल्या. श्रोत्यांत जिल्ह्यातल्या एका साप्ताहिकाचा माणूस होता, त्यानं तक्ता मागितला. मी खुशीनं दिला. नाव छापून येणार म्हणून दोन रात्री मला झोप नव्हती, हेही लिहून टाकतो.

पुढच्या अंकात तो पहिल्या पानावर आला. मथळा होता : ‘सर्वाधिक गुन्हे कोणाचे? पोलिसांचेच आकडे बोलतात’.

पंधरा दिवसांत त्या गावात सभा झाली. अंक हातोहात फिरला. कोणीतरी म्हणालं, हे तर आम्ही कधीपासून सांगत होतो, आता कागदावर आलं. ठराव झाला की वस्तीच्या तोंडाशी पोलीस चौकी हवी. चौकीला जागा हवी. सडकेला लागून पंचायतीची एक मोकळी जागा होतीच.

मुन्शीजी पुढच्या रविवारी बसनं सौसरला माझ्या खोलीवर आले. साध्या कपड्यांत मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होतो. धोतर, पांढरा सदरा, काखेत लाल फडक्यातलं एक रजिस्टर. ते रजिस्टर ठाण्याबाहेर काढणं हा केवढा गुन्हा आहे, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक? त्यांनी साप्ताहिकाचा अंक खिशातून काढून माझ्यापुढे ठेवला.

“हे तुमी केलं का सर?”

“आकडे तुमच्याच रजिस्टरातले आहेत मुन्शीजी,” मी म्हणालो. आज तो आवाज आठवला तरी मला माझाच संताप येतो. मास्तरकीचा आवाज होता तो.

त्यांनी पाणी मागितलं, प्यायले. मग फडकं सोडून रजिस्टर उघडलं आणि एका पानावर बोट ठेवलं.

“हे पाहा. आबकारी. मोहाची दारू. छापा कुठं पडला? वस्तीत. काहून, का तिथं जायला कोणाले भेव नाही लागत. बरं, हे राहू द्या. हे कोण?” बोट खाली सरकलं. “कुऱ्हाड. पाटलाचा पोट्टा. जात कुठं हाये?”

जागा कोरी होती.

“हे पाहा. पोरगी पळवली. जात?”

कोरी.

“हे, मारपीट. हे, संत्र्याच्या बगीच्यात गोळी चालवली, त्यातला माणूस वाचला म्हणून बरं. जात? ‘किसान’. किसान काय जात हाये का सर?”

मी पानामागून पानं बघत होतो. सात महिने मी तीच पानं पाहिली होती आणि त्या कोऱ्या जागा मला कोऱ्याच दिसल्या होत्या.

“मग तुम्ही का नाही लिहिली?” मी विचारलं.

त्यांनी कोऱ्या जागेवरचं बोट उचललं. खाली रस्त्यावरून संत्र्यांची गाडी चालली होती.

“मी,” ते म्हणाले, “पाटलाले जात कशी विचारू सर? मी सोमकुवर. वर्दी आंगावर असली म्हणून का झालं? तीस वर्सात मी एकाबी पाटलाले, एकाबी देशमुखाले, जात नाही विचारली. माह्या तोंडातून तो शब्दच निघत नाही. माहा बाप त्यायच्या अंगणात उभा राहे, चप्पल हातात घेऊन. मी त्याचा पोरगा.” आणि मग अगदी हळू, “आपल्या लोकाईले तेवढं विचारलं. मले विचारता येत होतं. विचारताना चांगलं वाटे.”

त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. त्यांनी पुसलं नाही. ते रजिस्टरावर पडू नये म्हणून मान तेवढी बाजूला केली.

मी त्या क्षणी जे समजलो ते आधी समजायला हवं होतं, एवढंच मी म्हणू शकतो. ज्या शब्दासाठी त्यांनी बढती सोडली, तो शब्द त्यांनी प्रेमानं, मोठ्या अक्षरात, वस्तीतल्या एकूण एका माणसाच्या नावापुढे लिहिला होता. त्यामुळे अख्ख्या ठाण्यात मोजता येण्यासारखा समाज एकच उरला होता. बाकीच्यांचे गुन्हे कोऱ्या जागेत सुखरूप होते, आणि ती कोरी जागा राखणाराही तोच हात होता.

“तुमचं काही चुकलं नाही मुन्शीजी,” मी म्हणालो.

“माहंच चुकलं. आन् खोडता येत नाही.” त्यांनी रजिस्टर फडक्यात बांधलं. “आता सगळ्याईले विचारीन सर. पाटील असो का कोणी. विचारीन म्हणजे विचारीन.”

मी साप्ताहिकाला लांबलचक खुलासा पाठवला. तो त्यांनी चार ओळींचा करून आतल्या पानावर, बियाण्याच्या जाहिरातीखाली छापला. मार्गदर्शकांकडे गेलो आणि तक्ता काढून टाकतो म्हणालो. ते म्हणाले, “अधिकृत आकडे आहेत. तुम्ही मनानं त्यांत फेरफार करू शकत नाही.” आणि पदवी लांबणीवर पडेल असंही म्हणाले. मी वाद घातला, पण पुरेसा घातला नाही. प्रबंधाच्या शेवटी एक तळटीप टाकली. पदवी मिळाली. तक्ता अजून त्या प्रबंधात आहे आणि विद्यापीठाच्या कपाटात आहे. तळटीप कोण वाचतं?

चौकी झाली. वाचनालयाच्या जागेवर दोन खोल्या, पिवळा रंग. आणि तिथे लिहायला माणूस हवा म्हणून मुन्शीजींचीच नेमणूक झाली. कोणी मुद्दाम केलं असेल असं मला वाटत नाही. त्यांचं घर तिथून जवळ होतं, एवढाच हिशेब असेल. तिथल्या वस्तीतल्या दोन-चार पोरांची नावं निगराणीच्या यादीत चढली. ती नावंही त्यांनाच लिहावी लागली, त्याच अक्षरात, आणि जातीच्या रकान्यात तोच शब्द. कौशल्याबाईंनी मला सांगितलं, “अलीकडं जेवताना बोलत नाहीत जी. हात पाहत बसतात.”

त्यानंतर मी त्यांच्याकडे जायचं टाळू लागलो. कामं काढायची म्हटली की निघतात. खरं कारण सांगायला लाज वाटते. त्या पिवळ्या खोल्या सडकेवरून दिसायच्या. पांढुर्ण्याला जाताना मी बसमध्ये पलीकडच्या बाजूला बसायचो.

शेवटचं मी त्यांना पाहिलं ते त्यांच्या निवृत्तीला दोन महिने उरले होते तेव्हा. आमच्या मळ्यातल्या विहिरीवरची मोटर चोरीला गेली. मळा त्याच चौकीच्या हद्दीत. वडील आजारी, म्हणून रिपोर्ट द्यायला मला जावं लागलं. दुपारची वेळ होती. चौकीत ते एकटेच होते. केस सगळे पांढरे झालेले, वर्दीच्या बाहीवरची धार तशीच. कोपऱ्यात पुस्तकांची ती लोखंडी पेटी ठेवलेली दिसली.

“पुस्तकं इथे आणली?” मी विचारलं.

“आनली. म्हटलं, जागा तं तीच हाये.” थोडं थांबून म्हणाले, “पण चौकीत पुस्तक न्यायला कोण येते सर? पोट्टे सडकेच्या पलीकडून जातात.”

मी मोटर चोरीला गेल्याचं सांगितलं. त्यांनी कागद घेतला, टाक शाईत बुडवला. माझं नाव त्यांनी न विचारता लिहिलं. वडिलांचं नाव, गाव. मग टाक थांबला. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. टाकाच्या टोकाशी शाईचा थेंब जमत होता.

“सर,” ते म्हणाले, “जात?”

मी कुणबी. हे त्यांनाही माहीत होतं, मलाही. एका शब्दाचं उत्तर होतं. सगळी गोष्ट मला ठाऊक होती; ह्या एका प्रश्नासाठी त्यांना तीस वर्षं लागली होती हेही मला ठाऊक होतं. आणि तरी, खोटं का सांगू, तो प्रश्न त्यांच्या तोंडून ऐकल्याबरोबर माझे कान तापले. हा मला विचारतो? असं काहीतरी आतून उसळून वर आलं. पापणी लवायला लागतो तेवढाच वेळ असेल. मी त्याच्या आधी गावाबाहेर कधी स्वतःला कुणबी म्हणवून घेतलं नव्हतं, मी स्वतःला त्या सगळ्यातून सुटलेला समजत होतो, आणि तरी ते आलं. चेहऱ्यावर आलं असावं. कारण सगळी हयात माणसांचे चेहरे पाहून कागद भरणाऱ्या माणसाला ते दिसलं.

“राहू द्या,” ते मऊ आवाजात म्हणाले, आणि त्या रकान्यात एक छोटी आडवी रेघ ओढली.

“नाही मुन्शीजी, लिहा. कुणबी लिहा. लिहा ना!” मी जवळजवळ ओरडलो.

त्यांनी रेघेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. रागानं नाही. रागानं पाहिलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

“आता पडली सर रेघ,” ते म्हणाले. “माह्या रजिस्टरात खोडाखोड नाही.”

मग मोटर किती पॉवरची, केव्हा गेली, संशय कोणावर, हे सगळं त्यांनी नीट विचारून लिहिलं. लिहून झाल्यावर कागद उचलून धरला आणि नेहमीप्रमाणे शेवटपर्यंत वाचून दाखवला, वऱ्हाडीत, माझं नाव, वडिलांचं नाव, वय, मास्तरकी, गाव. मधलं काही त्यांनी वाचलं नाही. कागद माझ्यापुढे सरकवला.

“बरोबर हाये ना सर?”

बाहेर सडकेच्या पलीकडून शाळा सुटलेली पोरं चालली होती. मी ‘बरोबर आहे’ म्हणालो आणि खाली सही केली.